ती मुरुमं नव्हेत

फुप्फुसाच्या कर्करोगावर जेफिटिनिबसारखी गोळी सुरू झाली, की अनेकांच्या चेहऱ्यावर आणि छातीवर आठ-पंधरा दिवसांत पुटकुळ्या उठतात. घरचे म्हणतात, उष्णता बाधली. तसं नसतं. ही गोळी पेशींवरचा ‘ईजीएफआर’ हा ग्राही अडवते. तो गाठीत असतो तसाच निरोगी त्वचेत, केसांच्या मुळांत आणि नखांभोवतीही असतो. तिथंही तो अडला, की पुटकुळ्या उठतात.

म्हणून मुरुमांची मलमं नकोत, त्यांनी त्वचा आणखी कोरडी पडते. लिंबू-हळदीचा लेपही नको. कोमट पाणी, सौम्य साबण, बिनवासाचं मॉइश्चरायझर पुरे. उसाच्या फडात जायचंच असेल, तर सनस्क्रीन लावून आणि डोक्यावर पदर घेऊनच. काही वेळा डॉक्टर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरुवातीपासूनच देतात.

नखं मागाहून, महिना-दोन महिन्यांनी दुखू लागतात. पायाच्या अंगठ्याची कड सुजते, ठणकते. आपल्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा नेमका तिथंच घासतो. तेवढे दिवस ती बाजूला ठेवा, मऊ, मोकळी चप्पल घाला.

पुरळ पाहून गोळी मात्र मनानं बंद करू नका. पू धरला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.