एड्स-प्रतिबंधाची वाट, लेखांक सातवा : साठ टक्के कशाचे?

सुंता म्हणजे शिश्नाच्या टोकावरची अग्रत्वचा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. ज्यू आणि मुस्लिम समाजांत ती धर्माचा भाग आहे, आफ्रिकेतल्या कित्येक जमातींत वयात येण्याचा संस्कार. एड्सशी तिचे नाव जोडले गेले ते 1980च्या दशकाच्या अखेरीस. नैरोबीत गुप्तरोगांवर उपचार घेणाऱ्या पुरुषांपैकी सुंता न झालेल्यांना एचआयव्हीची लागण अधिक होते, असे तेथे काम करणाऱ्या डॉक्टरांच्या ध्यानात आले. मग आफ्रिकेचा नकाशा पुढे ओढला गेला. पश्चिमेकडे सुंता सर्रास आणि साथ त्या मानाने आटोक्यात, दक्षिणेकडे सुंता विरळ आणि साथ भडकलेली. पण नकाशा म्हणजे पुरावा नव्हे. दोन समाजांतली लग्नाची रीत, दारू, पोटासाठीचे स्थलांतर, सगळेच वेगळे असू शकते.

या शंकेवर एक मार्मिक उत्तर पुण्यातून आले. तेथील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या 2,298 पुरुषांच्या पाठपुराव्याचा अहवाल 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. सुंता झालेल्यांत एचआयव्हीची लागण खूपच कमी होती. गरमी, परमा आणि हर्पिस यांच्या बाबतीत मात्र तसा फरक दिसला नाही. सुंता झालेले पुरुष केवळ जपून वागत असते, तर परमाही कमी व्हायला हवा होता. म्हणजे कारण वागण्यात कमी आणि त्वचेत जास्त असावे. अग्रत्वचेच्या आतल्या अस्तरात एचआयव्ही ज्यांना चिकटतो त्या प्रतिकारपेशी पृष्ठभागाजवळ असतात. त्वचेखालच्या ओलसर जागेत प्राणवायूशिवाय वाढणारे जंतू पोसले जातात आणि त्यांच्यामुळे होणारा दाह अशा आणखी पेशी तेथे ओढून आणतो. सुंतेनंतर ती जागाच उरत नाही.

तरीही पुण्यात सुंता झालेले बहुतेक मुस्लिम आणि न झालेले बहुतेक हिंदू, हा पेच होताच. तो सोडवायचा तर कोणाची सुंता आधी करायची आणि कोणाची मागाहून, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते. तशा तीन चाचण्या झाल्या : दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज फार्म, केनियात किसुमू आणि युगांडात राकाई. तिन्ही मुदतीआधी थांबवण्यात आल्या, कारण फरक इतका स्पष्ट दिसू लागला की उरलेल्यांना ताटकळत ठेवणे अन्यायाचे ठरले असते. टीकाकारांनी नेमके यावरच बोट ठेवले. लवकर थांबवलेली चाचणी लाभ फुगवून दाखवू शकते, शिवाय आपली सुंता झाली की नाही हे कोणापासून लपवता येत नाही. आक्षेप रास्त आहेत. पण तीन देशांत तीन वेगळ्या चमूंना जवळपास एकच उत्तर मिळावे, हे त्यांनी उलगडत नाही.

ते उत्तर ‘साठ टक्के संरक्षण’ या शब्दांत जगभर फिरले. त्याचा अर्थ किसुमूच्या आकड्यांत नीट दिसतो. सुंता झालेल्या 1,391 तरुणांपैकी 22 जणांना लागण झाली, न झालेल्या 1,393 पैकी 47 जणांना. धोका निम्म्याहून कमी झाला, हे खरे. शंभरातल्या तीन-साडेतीनांऐवजी दीड-दोन जण बाधित झाले, हेही तितकेच खरे. समर्थक पहिले वाक्य वापरतात, विरोधक दुसरे, आणि पुष्कळसा वाद या दोन वाक्यांतच अडकून राहतो. खरे तर निवाडा साथीच्या जोरावर अवलंबून आहे. जेथे साथ घरोघरी पोचली आहे, तेथे शंभरात दोघे वाचणे ही मोठीच गोष्ट. जेथे लागण विरळ आहे, तेथे त्या दोघांसाठी फार मोठ्या संख्येने शस्त्रक्रिया कराव्या लागतील.

मार्च 2007 मध्ये माँट्रो येथील बैठकीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली ती याच हिशेबाने : स्त्री-पुरुष संबंधांतून साथ पसरलेली आणि सुंतेचे प्रमाण कमी असलेली पूर्व व दक्षिण आफ्रिका. निरोध आणि समुपदेशन सोबत हवेतच, अशी जोडही होती.

कागदावरचा हिशेब माणसांपर्यंत नेणे वेगळे. किसुमूच्या परिसरातले लुओ लोक परंपरेने सुंता करत नाहीत. त्यांच्याकडे वयात येण्याची जुनी खूण म्हणजे खालचे पुढचे दात काढणे. शेजारच्या जमाती सुंता न झालेल्या लुओ पुरुषाला ‘पोरगा’ म्हणून हिणवत, आणि राजकारणातही तो टोमणा चाले. त्यामुळे सुंतेचा प्रचार म्हणजे दुसऱ्याची रीत लादणे, असे ज्येष्ठांना वाटणे साहजिक होते. 2008 मध्ये रायला ओडिंगा यांच्यासारख्या लुओ नेत्यांनी ही रीत नव्हे, आरोग्याचा उपाय आहे, अशी बाजू घेतल्यावर मोहीम पुढे सरकली. उलट स्वाझीलंडमध्ये 2011 च्या गाजावाजाच्या मोहिमेला एका वर्षात देशातले बहुतेक पुरुष गाठायचे होते. प्रत्यक्षात आले ते उद्दिष्टाच्या थोड्या अंशाएवढेच. उद्दिष्टाचा आकडा वरून आला की ‘ऐच्छिक’ हा शब्द पोकळ होतो. आपल्याकडच्या नसबंदी शिबिरांची आठवण असणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

स्त्रियांचा प्रश्न अधिक अवघड आहे. राकाईतच आधीपासून बाधित पुरुषांची सुंता करून पाहिली गेली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या जोडीदारणींना काहीच संरक्षण मिळाले नाही. जखम भरण्यासाठी सहा आठवडे संबंध टाळण्याचा सल्ला देतात; तो न पाळल्यास धोका वाढण्याचीच शक्यता. समाजात बाधित पुरुष घटले की स्त्रियांची लागणही घटेल, हा लाभ खरा असला तरी तो उशिराचा आणि आडवाटेचा. राकाईत पुढे नव्या लागणीचे प्रमाण 42 टक्क्यांनी उतरले. पण त्याच काळात विषाणू दाबणारी औषधेही घरोघर पोचली होती, त्यामुळे श्रेयाची वाटणी करणे कठीण आहे.

मुलांच्या बाबतीत धोरणच बदलावे लागले. मोहिमांत दहा ते चौदा वर्षांची मुले मोठ्या संख्येने येत, आणि गंभीर इजांची नोंद या वयात अधिक झाली. ज्याला लैंगिक धोका अजून नाही, त्याच्या शरीराविषयी आजच निर्णय का, हा प्रश्नही होताच. 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षे व त्यापुढील पुरुषांवर भर दिला.

भारतात प्रौढांतील लागण सुमारे 0.2 टक्के आहे आणि ती मुख्यतः काही जोखमीच्या गटांभोवती एकवटलेली आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने सुंतेची मोहीम कधी हाती घेतलेली नाही.