सिग्नलला गाडी तापते? आधी फॅन बघा!

ट्रॅफिकमध्ये टेम्परेचरचा काटा वर चढतो आणि हायवेला लागलं की खाली येतो? मग पहिला संशय रेडिएटरच्या फॅनवर घ्या. धावत्या गाडीत समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो; उभ्या गाडीत ते काम फॅनलाच करावं लागतं.

तपासणी या क्रमाने करा:

१. इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा. कमी असेल तर गळती शोधा.

२. इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन फिरू लागतो. नाही फिरला तर फ्यूज, रिले, वायरिंग, मोटर तपासा.

३. एसीवर फिरतो, पण एसी बंद असताना इंजिन १०० अंशांच्या पुढे गेलं तरी ढिम्म? टेम्परेचर सेन्सर तपासून घ्या.

४. फॅन ठणठणीत असेल तर रेडिएटरच्या जाळीतला कचरा आणि वॉटर पंप बघा.

गाडी हायवेवरही तापत असेल तर थर्मोस्टॅट, चोंदलेला रेडिएटर किंवा हेड गॅस्केटकडे वळा.

⚠️ गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उसळतं. फॅनपासून हात लांब ठेवा. इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो.

काटा लाल पट्ट्याकडे सरकला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा आणि गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.