पडदा निर्दोष असतो

लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाची ग्राफिक्स व्यवस्था अद्ययावत करावी आणि यंत्र पुन्हा सुरू होताच पडद्यावरील अक्षरे फुगलेली व पुसट दिसावीत, हा अनुभव अनेकांस येतो. देवनागरी वाचणाऱ्यास तर तो विशेष जाचतो. अनुस्वार आणि रफार ओळखेनासे होतात. पडदाच निकामी झाला, अशी समजूत होऊन नवा विकत घेण्याचा विचारही डोकावतो. वस्तुतः पडदा बहुधा निर्दोष असतो. तुटलेला असतो तो संवाद.

आधुनिक पडदा आपले ओळखपत्र जवळ बाळगतो. त्यास ईडीआयडी म्हणतात. त्याचा मूळ भाग 128 बाइटांचा असतो. एका ओळीत 1920 ठिपके आणि अशा 1080 ओळी, ही आपली क्षमता पडदा त्यातून कळवितो. ते वाचून चित्र पाठविण्याचे काम ड्रायव्हरचे. कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलला आणि एनव्हीडियासारखा स्वतंत्र ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नाही, तर प्रणाली कामचलाऊ चित्रावर निभावून नेते. मग 1024 गुणिले 768, म्हणजे 7,86,432 ठिपक्यांचे चित्र 20,73,600 ठिपक्यांवर ताणले जाते.

म्हणून प्रथम निदान करावे. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा 'के' या पर्यायासह दिली असता कोणता ड्रायव्हर कार्यरत आहे ते कळते. यंत्र सुरू होतानाच्या यादीतून पूर्वीचा कर्नेल निवडून पाहावा. तेथे चित्र नीट दिसल्यास नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर पुन्हा बसवावा. सिक्युअर बूट चालू असेल, तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर नाकारला जातो, हेही ध्यानात ठेवावे. पूर्वी कधी घातलेला 'नोमोडसेट' हा पर्याय राहून गेला असल्यास तो काढून टाकावा.

ड्रायव्हर योग्य असूनही हवे ते मापन यादीत नसेल, तर ओळखपत्र पोचत नाही असे समजावे आणि केबल किंवा मधला जोड बदलून पाहावा. एवढ्यानेही भागले नाही, तरच एक्स पद्धतीच्या पडद्यावर 'सीव्हीटी'ने मापन काढून 'एक्सरँडर'ने ते जोडावे. हा उपाय मात्र तात्पुरता. सत्र संपताच तो पुसला जातो, आणि मूळचा दोष तसाच राहतो.

प्रणाली पुसून नव्याने बसविण्याची घाई करणाऱ्यास पुष्कळदा तोच दोष पुन्हा भेटतो. कोण कोणाशी बोलेनासे झाले, एवढे आधी विचारणाऱ्याचे श्रम वाचतात, आणि पैसेही.