विश्लेषण : शेवट कापला आणि पुढचे भाग आलेच नाहीत... ‘द गोल्डन कंपास’चं नेमकं काय चुकलं?

मुलांचं लाडकं पुस्तक पडद्यावर येणार म्हटलं की वाचकांना आनंदाबरोबर धाकधूकही वाटते. आवडता प्रसंग राहील ना? शेवट बदलणार तर नाहीत? ही भीती खरी ठरल्याचं ठळक उदाहरण म्हणजे २००७ मधला ‘द गोल्डन कंपास’. सुमारे १८ कोटी डॉलरचं बजेट, निकोल किडमन आणि डॅनियल क्रेगसारखे स्टार, शिवाय व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्करही. तरीही तीन चित्रपटांचा बेत पहिल्यावरच थांबला. असं का झालं?

पुस्तकात काय आहे?

ब्रिटिश लेखक फिलिप पुलमन यांची ‘नॉर्दर्न लाइट्स’ ही कादंबरी १९९५ मध्ये आली. अमेरिकेत ती ‘द गोल्डन कंपास’ नावाने निघाली. ‘हिज डार्क मटेरियल्स’ या तीन कादंबऱ्यांच्या मालिकेतला हा पहिला भाग. यातल्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत वावरतो. त्याला ‘डीमन’ म्हणतात. तिथली धर्मसत्ता, म्हणजे मॅजिस्टेरियम, मुलांना त्यांच्या डीमनपासून तोडण्याच्या प्रयोगांच्या पाठीशी असते. पळवून नेलेल्या रॉजर या मित्राला सोडवण्यासाठी लायरा नावाची मुलगी उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशाकडे निघते.

चित्रपटात काय बदललं?

(पुस्तक वाचायचं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.) कादंबरीच्या शेवटी लायरा रॉजरला वाचवल्याच्या समाधानात असते आणि तिथेच लॉर्ड अॅझ्रिएल स्वतःच्या प्रयोगासाठी रॉजरचा बळी देतो. मोठ्यांवर ठेवलेला विश्वास असा तुटणं, हाच कथेचा गाभा. या शेवटाचं चित्रीकरण झालं होतं, पण तो कापण्यात आला. पडद्यावर लायरा आणि रॉजर आशेने पुढच्या प्रवासाला निघतात आणि चित्रपट संपतो.

दुसरा बदल धर्माबाबतचा. पुस्तकातली चर्चवरची थेट टीका चित्रपटात सौम्य केली गेली. तरीही अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने बहिष्काराची हाक दिलीच. दुसरीकडे, कथेची धारच घालवली म्हणून पुस्तकाचे चाहते नाराज झाले.

पैशांचं गणित कुठे फसलं?

चित्रपटाने जगभरात सुमारे ३७ कोटी डॉलर कमावले, पण त्यातले अमेरिकेतले जेमतेम ७ कोटी. बजेट उभं करण्यासाठी न्यू लाइन सिनेमाने परदेशातले हक्क आधीच विकले होते. त्यामुळे बाहेरच्या मोठ्या कमाईचा कंपनीला फारसा फायदा झाला नाही. २००८ मध्ये न्यू लाइन वॉर्नर ब्रदर्समध्ये विलीन झाली. पुढचे दोन भाग कधीच बनले नाहीत.

मग मालिकेला कसं जमलं?

बीबीसी आणि एचबीओने २०१९ मध्ये याच पुस्तकांवर मालिका आणली. चित्रपट ११३ मिनिटांचा होता, तर मालिकेत पहिल्या पुस्तकाच्या कथेला ८ भाग मिळाले. कापलेला शेवटही यात जसाच्या तसा कठोर ठेवला. २०२२ पर्यंत ३ सीझन आणि २३ भागांत तिन्ही कादंबऱ्या पूर्ण झाल्या.

असं आधीही घडलं होतं का?

हो. जर्मन लेखक मिशाएल एंडे यांच्या १९७९ मधल्या ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’वर १९८४ मध्ये चित्रपट आला. त्यात साधारण अर्धंच पुस्तक होतं. एंडे इतके नाराज झाले की प्रकरण न्यायालयात गेलं. मात्र निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही.

आता पुढे काय?

‘हॅरी पॉटर’च्या ७ पुस्तकांवर २००१ ते २०११ या काळात ८ चित्रपट आले. तरीही अनेक पात्रं आणि उपकथा बाहेर राहिल्याच. आता त्याच पुस्तकांवर मालिका करण्याची घोषणा एचबीओने २०२३ मध्ये केली. मालिकेत वेळेची अडचण कमी होते. पण मुलांना दुःखद शेवट झेपेल का, हा निर्णय निर्मात्यांनाच घ्यावा लागतो. पुलमन यांच्या पुस्तकाबाबत छोट्या वाचकांनी याचं उत्तर पडद्याच्या कितीतरी आधी दिलं होतं.