मोबाइल आधी (लेखांक ५) : पहिली नोंद बांधावर होते

नवे सॉफ्टवेअर घेतलेला ग्राहक ते ठेवायचे की काढून टाकायचे, हे बहुधा पहिल्याच बैठकीत ठरवतो, असे मागच्या लेखांकात म्हटले होते. आज ती पहिली बैठक माळशिरस तालुक्यातल्या उसाच्या फडात होते असे धरून चालू.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तोवर गाव नमुना १२ मध्ये पिकाची नोंद तलाठी करायचे. आता ती शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करायची होती. ज्यांनी तोवर सरकारी अर्ज कधी स्वतःच्या हाताने भरला नव्हता, अशा असंख्य लोकांसाठी ही पहिलीच वेळ. नव्या वापरकर्त्याला हाताला धरून आत कसे घ्यावे, याचा एवढा मोठा धडा मराठीत दुसरा मला माहीत नाही.

सुरुवात चांगली बांधली आहे. मोबाइल क्रमांक, मग जिल्हा, तालुका, गाव. नंतर नाव, खाते क्रमांक किंवा गट क्रमांक, यांपैकी जे आठवेल त्यावरून शोध. ईमेल नाही, आठ अक्षरी पासवर्ड नाही, चार अंकी सांकेतांकावर काम भागते. माणसाला जे तोंडपाठ असते तेच विचारायचे, हा नियम इथे पाळला गेला. खतदुकानाच्या उधारीचे किंवा दूध संकलनाचे ॲप बनवणारे मात्र अजून पहिल्याच पानावर ईमेल मागतात. ते पान तिथेच बंद होते.

अडते ते पुढे. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर अकलूज, वेळापूरकडे ऊस उभा असतो. ऑगस्टमध्ये ॲप उघडले की हंगाम निवडायचा असतो : खरीप की संपूर्ण वर्ष? नोंदणी खरिपाची चालू आहे असे ऐकलेला माणूस सहज खरीप निवडतो आणि मग पिकांच्या यादीत ऊस शोधत बसतो. तो स्वतः अडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असे बोलतो. ‘निर्भेळ पीक’, ‘पोटखराबा’ हे शब्द महसूल खात्याचे. सात-बारा वाचणाऱ्याला ओळखीचे, पण घरातल्या सुनेला किंवा शिकणाऱ्या पोराला नाहीत, आणि फोन बऱ्याचदा त्यांच्याच हातात असतो. पुढे लागवडीचा दिनांक. खोडव्याला कोणता द्यायचा, पहिल्या लागणीचा की ऊस तुटून गेल्याचा? रकान्याखाली एक ओळ लिहिली की प्रश्न मिटतो. वेगळी शिकवणीची चित्रफीत दाखवण्यापेक्षा अडेल त्या जागी ठेवलेली ती एक ओळ जास्त कामाची, असे माझे ठाम मत आहे.

आता फोटो. हे ॲप शेतात उभे राहूनच वापरायचे, कारण छायाचित्राबरोबर ठिकाणाची नोंद होते. दुपारचे ऊन स्क्रीनवर, हाताला चिखल, ऊस डोक्याच्या वर गेलेला, नेटवर्क एका कांडीवर. अशा वेळी कॅमेरा आणि लोकेशन यांची परवानगी ज्या क्षणी लागते त्याच क्षणी, कशासाठी हवी ते सांगून मागावी. घरी ॲप उघडताच मागितली तर माणूस घाबरून नाही म्हणतो, आणि तो नकार सेटिंगमध्ये जाऊन कसा बदलायचा हे शेतात त्याला कुणी सांगत नाही. बटण अंगठ्याला सापडेल इतके मोठे आणि स्क्रीनच्या खालच्या भागात हवे. रेंज गेली तर भरलेली माहिती फोनमध्येच राहिली पाहिजे.

२०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत नोंद ४८ तासांच्या आत स्वतः दुरुस्त करण्याची सोय आली. माझ्या मते ही सगळ्यांत शहाणी सुधारणा. चुकले तर परत येता येते हे कळल्यावरच नवखा माणूस बोट पुढे करतो. फक्त ही गोष्ट नोंद पाठवल्यानंतर नको, आधी सांगायला हवी.

आणखी एक. केनियात २००७ साली मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा सुरू झाली, तेव्हा ग्राहकांची नोंदणी गल्लीतल्या दुकानदारांनी समोर बसून करून दिली. आपल्याकडेही पहिल्या दिवशी शेजारचा पोरगा किंवा सेवा केंद्रातला माणूस मदतीला असतोच. त्याला अडचण समजू नका, त्याच्यासाठी जागा ठेवा : एका फोनवरून अनेक खाती, आणि पुढच्या वेळी मूळ मालकाला एकट्याने करता येईल इतकी सोपी परतीची वाट.

नातेपुते, माळशिरस, अकलूजच्या ग्राहकांसाठी कुणी सॉफ्टवेअर बनवत असाल, तर पुढचा आठवडा यायच्या आत एवढे करा : ॲप कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात फोन द्या, शेतात किंवा दुकानात, आणि काहीही न बोलता बाजूला उभे राहा. तो जिथे तुमच्याकडे मान वर करून पाहील ते पान लिहून ठेवा. पुढच्या लेखांकात त्या पानांची दुरुस्ती घेऊ.