तारा तोलायचा कसा?

मे महिन्याच्या अखेरीस नृसिंहवाडीत शेजारती आटोपून घाट रिकामा झाला की उत्तरेकडे तोंड करून पाहावं. सप्तर्षी चांगलेच वर आलेले असतात. शेपटीच्या टोकाकडून दुसरा तो वसिष्ठ आणि त्याला खेटून असलेली बारीक चांदणी ती अरुंधती. लग्नात गुरुजी नवरा-नवरीला हीच जोडी दाखवतात. मुहूर्त भर दुपारचा असला तरी दाखवतात!

प्रत्यक्षात तिथे दोनच तारे नाहीत. साध्या दुर्बिणीतूनही एकट्या वसिष्ठाचे दोन तारे दिसतात. त्यातल्या ठळक ताऱ्याचा वर्णपट 1889 मध्ये हार्वर्डच्या एडवर्ड पिकरिंग यांनी तपासला, तेव्हा त्यातल्या रेषा काही दिवस दुहेरी दिसत, मग एक होत आणि पुन्हा फाटत. अर्थ सरळ होता : तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरताहेत, एक आपल्याकडे येतो तेव्हा दुसरा लांब जातो आणि त्यांच्या रेषा विरुद्ध बाजूंना सरकतात. एका फेरीला साडेवीस दिवस लागतात. दुसरा ताराही असाच दुहेरी निघाला. 2009 मध्ये अरुंधतीचाही मंद सोबती सापडला. म्हणजे एकूण सहा.

असे जोडतारे अपवाद नाहीत. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना सोबती आहे. मग एकट्या ताऱ्यापेक्षा त्यांच्यात वेगळं काय? माझ्या मते पहिला फरक असा की त्यांना तोलता येतं. ताऱ्याचं आयुष्य किती आणि शेवट कसा, हे मुख्यतः त्याच्या वस्तुमानावर ठरतं. पण आकाशात एकट्या असलेल्या ताऱ्याचं वस्तुमान थेट मोजायला काही साधनच नसतं. त्याच्या रंगावरून आणि तेजावरून अंदाज बांधायचा. तो अंदाज बांधायचं कोष्टकही जोडताऱ्यांवरूनच तयार झालं आहे.

व्याधाचंच उदाहरण घ्या. हा ठळक तारा आकाशात सरळ न जाता किंचित डुलत जातो, हे फ्रीड्रिश बेसेल यांच्या लक्षात आलं आणि न दिसणारा कोणी तरी त्याला ओढतो आहे, असं त्यांनी 1844 मध्ये जाहीर केलं. 1862 मध्ये अमेरिकेत अल्वन क्लार्क यांना तो दिसला. दोघांची एक फेरी सुमारे 50.1 वर्षांची आणि त्यांच्यातलं सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या 19.8 पट. आता केप्लरचा नियम लावायचा : अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग. 7762 भागिले 2510, म्हणजे 3.09. दोघांचं मिळून वस्तुमान तीन सूर्यांहून किंचित जास्त.

ते वाटायचं कसं? फुगडी घालताना एक मुलगी दांडगी आणि दुसरी किरकोळ असेल तर फिरण्याचा मध्य दांडगीकडे सरकतो, किरकोळ मुलीला मोठा फेरा पडतो. व्याधाच्या सोबत्याचा फेरा व्याधाच्या दुप्पट आहे. म्हणून व्याध दोन सूर्यांएवढा, सोबती एका सूर्याएवढा. आणि हा सूर्याएवढा ऐवज जेमतेम पृथ्वीएवढ्या गोळ्यात कोंबलेला आहे! तो श्वेतबटू आहे. एके काळी तोच दोघांत जड होता, म्हणून त्याचं इंधन आधी संपलं.

दुसरा फरक जास्त नाट्यमय आहे. एकटा तारा आपलं आयुष्य आपल्या शिदोरीवर काढतो. जवळच्या जोडीत मात्र एक तारा म्हातारपणी फुगला की त्याच्या बाहेरच्या थरातला वायू सोबत्याकडे वाहू लागतो. ययाती तारकासमूहातला अल्गोल हा तारा दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंदावतो, कारण मंद सोबती ठळक ताऱ्याच्या आड येतो. कोडं असं होतं की त्या जोडीत हलका तारा म्हातारा आणि जड तारा तरुण. जड तारा तर आधी म्हातारा व्हायला हवा. उत्तर सापडलं ते असं : आज हलका असलेलाच मुळात जड होता, त्याने आपलं वस्तुमान दुसऱ्याला दिलं. दुसऱ्याच्या जिवावर तरुण झालेला तारा नेमका ययातीतच असावा, हा योगायोग मराठी वाचकाला सांगावा लागत नाही.

ग्रहांनाही इथे जागा मिळते, पण अटीवर. तारे अगदी जवळ असतील तर ग्रह दोघांना मिळून लांबून फेरी घालतो. 2011 मध्ये जाहीर झालेला केप्लर-16 चा ग्रह तसा आहे : तारे 41 दिवसांत एकमेकांभोवती, ग्रह 229 दिवसांत दोघांभोवती. तारे लांब असतील तर ग्रह एकालाच धरून राहतो. मधल्या अंतरावर मात्र त्याची कक्षा टिकत नाही.

सप्तर्षी पाहून झाले की त्याच रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेला वळा. क्षितिजापासून जेमतेम बारा अंशांवर मित्र नावाचा ठळक तारा दिसेल. लहान दुर्बिणीत त्याचे दोन होतात, 80 वर्षांत एक फेरी घालणारे. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचे तारे याच कुटुंबातले. दिल्लीहून तो क्षितिजाच्या वर धड येतच नाही, वाडीहून येतो. फक्त दक्षिणेला दिवे आणि झाडं नसलेली जागा शोधा, आणि पावसाचे ढग यायच्या आत पाहून घ्या.