पडून राहिलेली जीटीआय

‘हॉट हॅच’ म्हणजे साध्या घरगुती हॅचबॅकमध्ये बसवलेलं दमदार इंजिन. आम्हा मेकॅनिकलवाल्यांचा हा आवडता विषय! फ्रान्सची प्यूजो २०५ जीटीआय हे त्याचं झकास उदाहरण. १९८४ मध्ये आली तेव्हा इंजिन १.६ लिटर, १०५ अश्वशक्ती, आणि वजन ९०० किलोच्याही आत. आज युरोपातले शौकीन ती जपतात. वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये पडून असलेली एखादी अधूनमधून विकायलाही निघते.

मग किंमत काय लावायची? माझं गणित सोपं आहे. चांगल्या चालू गाडीचा भाव घ्या, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा, आणि न दिसणाऱ्या भानगडींसाठी अजून थोडे. चकाचक रंगावर भुलू नका. चासी नंबर कागदांशी जुळतो का, पत्रा आतून सडलाय का, मूळ सीट्स आहेत का, ते बघा. इंजिन परत बांधता येतं. मूळ सीटचं कापड शोधताना मात्र नाकी नऊ येतात.

आणि प्लीज, लगेच चावी फिरवू नका! आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, मग पाना लावून क्रँक हाताने फिरवा. पेट्रोल, ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं नवीन. टायमिंग बेल्टही बदलायचाच. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मागच्या अ‍ॅक्सलच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरून गंज चढतो, हे २०५ चं जुनं दुखणं.

एवढं करून हिशोब उणे आला तर? खुशाल घ्या, पण तिला गुंतवणूक म्हणू नका, शौक म्हणा!